एकेचाळिसावी सही

जयवंती वरठा मला कधीच आवडली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तिच्याविषयी बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाईंची लाडकी विद्यार्थिनी असणार. ती कुणाचीच लाडकी नव्हती. वर्गात नाही, वसतिगृहात नाही आणि शिक्षकांच्या खोलीत तर नाहीच नाही.

२०१५च्या जूनमध्ये मी तलासरी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवायला लागले. शिक्षणसेवक म्हणून. आमचं घर चिखल्याला, समुद्राच्या बाजूला. वडिलांची चिकूची वाडी. रोज सकाळी डहाणूपर्यंत एक एसटी, तिथून दुसरी, मग हायवेवर उतरून पायी. शाळेतली मुलं आसपासच्या पाड्यांवरची, आणि शिक्षक बहुतेक माझ्यासारखे किनाऱ्यावरून येणारे. ही तीन वर्षं तोंड मिटून काढ, मग कायम झालीस की काय ते बोल, असं मला घरच्यांनीच नव्हे तर एसटीच्या कंडक्टरनेसुद्धा बजावलं होतं. ते मला जमत होतं. म्हणूनही असेल, ही मुलगी माझ्या डोळ्यांत खुपायची.

ती नववीत माझ्या वर्गात आली. झरीच्या एका पाड्यावरची, शाळेला लागून असलेल्या वसतिगृहात राहायची. उंच, काटकुळी, केस चोपून बसवलेले. आपण बोलत असताना ती आपल्या तोंडाकडे टक लावून बघायची, आणि बोलणं संपल्यावरही दोन क्षण बघतच राहायची, जणू अजून काही खरं बाहेर पडायचं राहिलंय. दुसरी सवय वाचण्याची. अभ्यासाचं म्हणाल तर जेमतेम. पण हातात आलेला कागद ती शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सोडायची नाही. फळ्यावरच्या सूचना, उत्तरपत्रिकेच्या मागच्या बाजूचे नियम, भजी बांधून आलेला पेपर, सगळं. सहलीच्या संमतिपत्रावर बाकीच्या मुली खाली सह्या ठोकून मोकळ्या व्हायच्या, आणि ही आपली ओळ न ओळ वाचत बसायची. मागची रांग खोळंबायची, शिव्या घालायची. तिला काही फरक पडायचा नाही.

पहिल्याच चाचणीत मी ‘माझे आवडते शिक्षक’ हा निबंध दिला होता. जयवंतीने लिहिलं, ‘मला आवडते शिक्षक नाहीत. पाचवीपासून मला नऊ शिक्षक झाले. त्यांपैकी तिघांना माझं नाव माहीत होतं. एकाने चांगलं शिकवलं पण तो मारायचा. म्हणून मी या विषयावर जास्त लिहू शकत नाही.’ बस, एवढंच. मी दहापैकी दोन गुण दिले.

दुसऱ्या दिवशी ती पेपर घेऊन शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी.

“बाई, यात चूक कुठंय?”

“निबंध असा लिहितात का?”

“शुद्धलेखन चुकलंय का?”

“नाही.”

“खोटं लिहिलंय का?”

गणिताचे सर चहाचा कप तोंडाशी धरून हसायला लागले. माझा पारा चढला. “लांबी कमी आहे,” मी म्हटलं. तिने पेपरावर छापलेली सूचना पुन्हा वाचली, त्यात ओळींची अट होती, मान हलवली आणि निघून गेली. बरोबर होतं तेवढं मान्य करून टाकायची तिची ही तऱ्हा उद्धटपणाहूनही जास्त झोंबायची.

आता हेडसरांविषयी सांगायला हवं. त्यांची घोलवडच्या बाजूला चिकूची मोठी वाडी होती. तोड भरात असली की महिन्यातून एक-दोन वेळा नववी किंवा दहावीचा वर्ग टेम्पोत भरून वाडीत न्यायचे. हजेरीत ‘कार्यानुभव’ असं लिहायचं. मुलं खूश असायची, कारण वर्ग बुडायचा, टेम्पोत गाणी म्हणता यायची, दुपारी वडापाव मिळायचा. जाळीची पिशवी बांधलेल्या लांब काठ्यांनी दिवसभर चिकू उतरवायचे. संध्याकाळी हात चिकाने काळे-चिकट. मुलींवर लक्ष ठेवायला मला पाठवायचे. शाळेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्याही वाडीत पाड्यावरची माणसं कामाला येतात. मला त्यात फार काही वावगं दिसलं नाही, हे खरं सांगायला हवं.

जयवंती पहिल्या खेपेला आली. मुकाट्याने काम केलं. दुसऱ्या खेपेला टेम्पो उभा राहिला तर ही बाकावरून उठेना.

हेडसर स्वतः वर्गात आले. “वरठा, तुला वेगळं निमंत्रण पाहिजे?”

ती उभी राहिली. “मी नाय येणार, सर.”

“कार्यानुभव आहे तो. त्याचे गुण असतात.”

“अनुभव घेतला, सर. माझा बाबा रोज घेतो. त्याला त्याची मजुरी मिळते.”

टेम्पोतली गाणी थांबली. हेडसर हसले. ते चिडले की आधी हसायचे. “ठीक आहे. बसा इथेच. गुण शून्य.”

“चालेल,” असं म्हणून ती खरोखरच बसली.

त्यांनी तिला काहीच केलं नाही. जे केलं ते वर्गाला केलं. त्या महिन्यात नववीचा खेळाचा तास बंद. मनीषा नावाची वर्गाची मॉनिटर होती. कबड्डीत तालुक्याला गेलेली, गोरीगोमटी, सगळ्यांना हवीहवीशी मुलगी. मैदान बंद झाल्यावर पहिला घाव तिच्यावर बसला आणि तिने तो पुढे ढकलला. वसतिगृहात जयवंतीशी कुणी बोलायचं नाही असं ठरलं. तिच्या अंथरुणावर पाणी ओतलं गेलं. एके दिवशी तिच्या चपला गायब झाल्या. आठवडाभर ती तापलेल्या पटांगणातून अनवाणी आली, तेव्हा मी विचारलं, “कुणी घेतल्या?”

“मला माहीत आहे.”

“मग नाव सांग.”

ती माझ्या तोंडाकडे नेहमीसारखी बघत राहिली. “सांगून तुम्ही काय करणार, बाई?”

मी काही करणार नव्हते. पण हे तिने ओळखावं, याचा मला संताप आला. मी तिला वर्गाबाहेर उभं केलं, पाय भाजत असतानाच.

ती गरीब गाय होती असं मात्र कुणी समजू नये. चपला नेणाऱ्या मुलीला तिने नळावर गाठून अशी मुस्कटात लगावली की त्या मुलीचा गाल दोन दिवस सुजलेला होता. एक भित्री मुलगी तिच्याशी लपूनछपून बोलायला आली, तर ‘सगळ्यांच्या समोर बोलायचं असलं तर बोल’ म्हणून तिलाही घालवून दिलं. तिला मैत्रीण हवी होती की नाही, हे मला कधीच कळलं नाही.

दहावीचं वर्ष. २०१७, दिवाळीनंतरचा एक सोमवार. हेडसरांनी दहावीचा वर्ग वाडीत नेला. मी बरोबर होते. जयवंती नेहमीप्रमाणे शाळेत थांबली, नववीच्या वर्गात जाऊन बसली. त्याच दिवशी जिल्ह्याहून एक अधिकारी न कळवता शाळेत आले. हेडसर नाहीत, दहावीचा वर्ग रिकामा. फाटकाशी आमचा शिपाई लखमाकाका उभा होता. साहेबांनी विचारलं, “दहावी कुठाय?” लखमाकाकाने सरळ सांगून टाकलं, “चिकू तोडायला गेली, साहेब. सरांच्या वाडीत.” तो काही धीट माणूस नव्हता. त्याला विचारलं आणि त्याने सांगितलं, एवढंच.

चार दिवसांत खुलासा मागणारं पत्र आलं. हेडसरांनी मला खोलीत बोलावलं, समोर कोरा कागद ठेवला.

“तुमचं अक्षर चांगलं आहे. विद्यार्थ्यांच्या वतीने एक अर्ज लिहा. लखमा त्या सोमवारी दारू पिऊन आला होता, मुलींसमोर अर्वाच्य बोलला. दारुड्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवतं?” मग जरा थांबून म्हणाले, “तुमची तीन वर्षं जूनमध्ये पूर्ण होतायत ना?”

मी अर्ज लिहिला. त्या सोमवारी मी शाळेत नव्हतेच. तरी लिहिला, सुवाच्य, समास सोडून.

वर्गात अर्ज फिरवायचं कामही माझंच. एकेचाळीस मुलं. मनीषाने पहिली सही केली, मग कागद बाकांवरून सरकत गेला. लखमाकाका प्यायचा हे सगळ्यांना माहीत होतं; संध्याकाळी घराच्या ओट्यावर बसून प्यायचा. त्यामुळे कुणाला फारसं जड गेलं नाही. कागद शेवटच्या बाकावर पोचला आणि थांबला. ती वाचत होती. वाचून झाल्यावर पुन्हा वरून वाचला. मग उठून माझ्या टेबलावर आणून ठेवला.

“मी सही नाय करणार.”

“का?”

“खोटं आहे.”

मागून मनीषा ओरडली, “काय खोटं? काका पीत नाय काय?”

जयवंती वळली. “पितो. सोमवारी पिलेला नव्हता. मी इथं होते. सगळ्या घंटा वेळेवर झाल्या. दुपारी त्याने नळाचा पाइप दुरुस्त केला. तू सांग, सोमवारी तू कुठं होतीस?”

मनीषा वही उघडून त्यात बघायला लागली.

“वाडीत होतीस. सगळी वाडीत होती. मग शाळेतला काका तुम्हाला तिथून दिसला काय?”

“तुला एवढा पुळका कशाला त्याचा?” एक मुलगा म्हणाला. “तुझा कोण लागतो तो?”

“कोण नाय. मला तो आवडतपण नाय. सातवीत त्याने माझा कान पिळला होता.”

वर्गात आरडाओरडा सुरू झाला. कुणीतरी खडू फेकला, तो तिच्या खांद्याला लागला. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. माझ्याकडे वळून हळूच, फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अक्षर तुमचं आहे, बाई.”

“जागेवर जाऊन बस,” मी म्हटलं. कागद मी हजेरीपटाखाली सरकवला.

दोन दिवसांनी तिच्या वडिलांना बोलावणं गेलं. ते कामावरून तसेच आले होते, पायांना माती. खुर्ची दाखवली तरी बसले नाहीत. हेडसरांनी शांतपणे सांगितलं की मुलगी शिस्त बिघडवते आहे, वसतिगृहातली जागा ठेवता येणार नाही, बोर्डाच्या परीक्षेचा अर्जही बघावा लागेल. वडील हात जोडून म्हणाले, “येडी हाय, साहेब. करल ती सही. मी सांगतो.” मग तिच्याकडे वळले. “कर गं.”

“नाय, बाबा.”

“तुझं काय जातंय? तुझ्या नावाची रेघ तेवढी.”

“नावाचीच आहे ना.”

त्यांनी तिला मारलं. एकदा नाही, दोनदा. ती भिंतीला आपटली. मी दाराशी उभी होते, गणिताचे सर खिडकीबाहेर बघत होते. हेडसर म्हणाले, “अहो, अहो, इथे नको.” इथे नको. बाहेर मारायला त्यांची हरकत नव्हती.

वडिलांचेच डोळे भरून आले. जयवंतीने ओठावरचं रक्त ओढणीने पुसलं आणि म्हणाली, “चल बाबा. तुझी एसटी जाईल.” आणि त्यांना फाटकापर्यंत पोचवून वर्गात येऊन बसली. त्या तासाला मी समास शिकवत होते. तिने सगळी उदाहरणं वहीत उतरवून घेतली.

अर्ज चाळीस सह्यांनिशी गेला. पंधरा दिवसांनी तेच अधिकारी चौकशीला आले. त्या दिवशी हेडसरांनी जयवंतीला वसतिगृहाच्या कोठारात धान्य निवडायला बसवलं होतं. पण अधिकाऱ्यांनी हजेरीपट मागवला, सह्या मोजल्या आणि विचारलं, “एक कमी आहे. ही मुलगी कुठे आहे?”

तिला बोलावलं. ओढणीला तांदळाचा कोंडा लागलेला. सगळा वर्ग, आम्ही चौघे शिक्षक, भिंतीशी लखमाकाका.

“सही का नाही केलीस?”

“मी सोमवारी शाळेत होते. काका पिलेला नव्हता.”

“हा माणूस दारू पीत नाही?”

“पितो. घरी. संध्याकाळचा.”

मुलं हसली. लखमाकाकाने मान खाली घातली.

“आणि बाकीचा वर्ग कुठे होता?”

“चिकूच्या वाडीत.”

“कुणाच्या?”

“सरांच्या.”

अधिकारी वर्गाकडे वळले. “हे खरं आहे? वाडीत कोण कोण गेलं होतं? उभे राहा.”

एकही उठलं नाही. चाळीस मुलं बाकांकडे बघत होती. अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं, मग अर्ज उचलून तिच्यापुढे धरला. “हा मुलांनी लिहिलेला दिसत नाही. कुणी लिहून दिला?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. नोकरी, चिखल्यातलं नाव, सगळं. ती बराच वेळ बघत राहिली, त्या नेहमीच्या नजरेने, माझ्या तोंडाकडे. मी बोलेन म्हणून ती थांबली होती, हे तेव्हाही मला कळत होतं.

मी बोलले नाही.

“मी माझ्यापुरतं सांगितलं, साहेब,” ती म्हणाली. “ज्याने लिहिलं त्याला विचारा.”

अधिकाऱ्यांनी कुणालाच विचारलं नाही. कागद फायलीत ठेवले, चहा घेतला आणि गेले.

पुढे काय झालं? सिनेमात होतं तसं काही झालं नाही. हेडसर निवृत्तीपर्यंत त्याच खुर्चीत राहिले. वाडीतल्या फेऱ्या मात्र त्या दिवसापासून बंद झाल्या, पुन्हा कधीच टेम्पो आला नाही. लखमाकाकाची नोकरी वाचली. संस्थेने त्याला दुसऱ्या शाळेत पाठवलं. जाताना तो सगळ्यांना भेटला, जयवंतीला सोडून. मला म्हणाला, “भर साहेबासमोर मी पितो म्हणून सांगितलं की हो पोरीने. अब्रू घालवली.” मी म्हटलं, “तिच्यामुळे तुमची नोकरी राहिली.” तो म्हणाला, “ते खरं. पण तेवढं नसतं बोललं तर काय बिघडलं असतं?”

जयवंतीची वसतिगृहातली जागा गेली. कारण लिहिलं होतं, ‘गैरवर्तन’. जानेवारीपासून ती झरीहून पायी यायची. वर्गातली मुलं आता तिला छळतही नव्हती. तिच्या बाजूने बघायचंच नाही असं झालं होतं. वाडी बंद होऊन सगळ्यांची सुटका झाली होती, पण त्याबद्दल एकानेही तिला चांगलं म्हटलं नाही. उलट वडापाव गेला म्हणून कुरकुर. निरोप समारंभाला तिला निरोपच नव्हता. ती त्या दिवशी आली, सगळ्यात मागे उभी राहिली, भाषणं ऐकली, फोटोची वेळ झाली तशी दप्तर उचलून निघून गेली. आजही तो फोटो शाळेच्या कचेरीत आहे. त्यात चाळीस मुलं आहेत आणि मी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले आहे.

ती पास झाली. साधेच गुण. मराठीत मात्र वर्गात पहिली आली, आणि याचं मला धड कौतुकही करता आलं नाही. निकालाच्या दिवशी ती रांगेत उभी राहिली, गुणपत्रिका घेतली, तिथेच उभ्याउभ्या पुढून-मागून वाचली, सही केली आणि गेली. त्याच महिन्यात मी कायम झाले. पेढे वाटले.

त्यानंतर ती मला एकदाच दिसली. २०१९ची चैत्राची जत्रा, विवळवेढ्याला. मी आईला घेऊन महालक्ष्मीच्या दर्शनाला गेले होते. ऊन मी म्हणत होतं. आईला सावलीत बसवून मी पाणी आणायला निघाले, तर सुक्या मासळीच्या दुकानांपाशी ती उभी. पंजाबी ड्रेस, गळ्यात कुठल्याशा कंपनीचं ओळखपत्र, हातात बोंबलांची जुडी. शेजारी तिचे वडील, पिशवी धरून. बापलेक दुकानदाराशी बोंबील ओले आहेत की वाळलेले यावरून वाद घालत होती, दोघं एका बाजूने.

मी हाक मारली. तिने ओळखलं. “बऱ्या आहात, बाई?”

उंबरगावला एका कंपनीत पॅकिंगला लागली होती. बारावी बाहेरून देत होती. “काम कसं आहे?” मी विचारलं. “काम आहे,” ती म्हणाली. हसली नाही, तोडूनही बोलली नाही. वडिलांनी मला हात जोडले. त्यांनी मला ओळखलं होतं, हेडसरांच्या दाराशी उभी असलेली मी. ते दोन पावलं बाजूला झाले.

हे दीड वर्ष मी मनातल्या मनात तिला खूप काही सांगितलं होतं. शिक्षणसेवक म्हणजे काय असतं, घरी काय परिस्थिती होती, हेडसर कसे होते. जत्रेच्या त्या गर्दीत, ढोल वाजत असताना, त्यातलं काहीच तोंडून बाहेर पडेना.

“जयवंती,” मी म्हटलं, “साहेबांनी विचारलं तेव्हा मी बोलायला हवं होतं.”

“हो,” ती म्हणाली.

नुसतं ‘हो’. ‘जाऊ द्या बाई’ नाही, ‘आता काय त्याचं’ नाही. ती थोडा वेळ थांबली, मला आणखी काही म्हणायचं आहे का ते बघत. मग वडिलांच्या हातातली पिशवी घेतली, बोंबील त्यात टाकले आणि दोघं हायवेच्या बाजूला, तलासरीकडे जाणाऱ्या जीप उभ्या असतात तिकडे चालत गेली. ती पुढे होती. वडील मागून तिच्या पावलांशी पावलं जुळवत होते.